नवी नोकरी, न आलेला पी४५ आणि ‘ए’वर टिक करण्याचा सल्ला

पत्राचा सारांश: पत्र इंग्लंडमधल्या एका वाचक मैत्रिणीचं आहे. नवऱ्याच्या व्हिसावर त्या काही वर्षांपूर्वी पुण्याहून तिकडे गेल्या. एका छोट्या कंपनीतली वर्षाला २७,००० पौंडांची नोकरी त्यांनी सप्टेंबरअखेर सोडली आणि १ ऑक्टोबरला ३४,८०० पौंडांवर दुसरीकडे रुजू झाल्या. जुन्या कंपनीकडून पी४५ (नोकरी सोडताना मिळणारा पगार आणि कराचा दाखला) अजून आलेला नाही. नव्या कंपनीनं ‘स्टार्टर चेकलिस्ट’ (नव्या माणसानं भरायचा फॉर्म, त्यात ए, बी, सी यांपैकी एक विधान निवडायचं असतं) भरायला दिली होती, पण काही चुकीचं लिहिलं जाईल या धास्तीनं ती तशीच पडून राहिली. ऑक्टोबरच्या पेस्लिपवर टॅक्स कोड ‘०टी एम१’ असा आला आणि २,९०० पौंडांतून ५८० पौंड आयकर कापला गेला. जुन्या नोकरीत महिन्याला २४० च्या आसपास जायचा. नवऱ्याच्या मित्राचा सल्ला असा: “चेकलिस्टवर ‘ए’ला टिक करून द्या. मी तेच केलं होतं, तीन महिने एक पेनी टॅक्स गेला नाही.” त्या विचारतात: ‘ए’वर टिक करावी का? प्रोबेशनमध्ये असताना एचआरच्या मागे लागलेलं बरं दिसेल का? आणि पुढच्या वर्षी आयएलआरचा, म्हणजे तिथल्या कायम वास्तव्याचा, अर्ज करायचा आहे, त्यात हा ‘वाईट कोड’ आडवा येईल का?

प्रिय मैत्रीण,

आधी तो ‘वाईट कोड’ बाजूला काढू, कारण बाकीची निम्मी काळजी त्यातूनच आली आहे. टॅक्स कोड म्हणजे एचएमआरसीनं, म्हणजे ब्रिटनच्या करखात्यानं, तुमच्याबद्दल नोंदवलेलं मत नव्हे. पगारातली किती रक्कम करातून सोडायची, एवढंच तो पेरोलला, म्हणजे कंपनीत पगार काढणाऱ्यांना, सांगतो. बहुतेकांच्या स्लिपवर असतो तो १२५७एल. त्यातल्या १२५७ पुढे एक शून्य लावलं की १२,५७० होतात आणि वर्षाला तेवढे पौंड करमुक्त. एल म्हणजे नेहमीची करमुक्त मर्यादा. ०टी म्हणजे करमुक्त रक्कम शून्य धरा आणि पहिल्या पौंडापासून नेहमीच्या टप्प्यांनी कर लावा. एम१ म्हणजे हा महिना एकटा धरा, आधीचं काही पाहू नका.

तुम्हाला तो का लागला? पेरोलवाल्याच्या हातात ना तुमचा पी४५ होता, ना भरलेली चेकलिस्ट. अशा वेळी ०टी एम१ लावायचा, असा नियमच आहे. तुमचं नाव वाचून कुणी भुवई उंचावली नाही. सॉफ्टवेअरमध्ये रकाना रिकामा राहिला आणि त्यानं सर्वांत सावध पर्याय उचलला. चूक लिहिण्यापेक्षा काहीच न लिहिलेलं बरं, हा आपल्या शाळेतला हिशेब इथे उलटा पडतो. न लिहिण्याची किंमत पहिल्याच पगारात वसूल होते.

आता आकडे. पेन्शनची कपात तूर्त बाजूला ठेवते, म्हणजे गणित सरळ राहील. २,९०० वर सरसकट २० टक्के म्हणजे ५८०. तुमची करमुक्त रक्कम महिन्याला १,०४७.५० पडते. ती वजा केली असती तर १,८५२.५० वर कर लागला असता, म्हणजे ३७०.५०. फरक २०९.५० चा. तुम्ही मात्र २४० चे ५८० झाले असं धरून बसला आहात आणि सगळे ३४० पौंड कोडाच्या माथी मारले आहेत. त्यातले १३० तुमच्या वाढलेल्या पगाराचे आहेत. कोड कितीही चांगला आला तरी ते जाणारच. नॅशनल इन्शुरन्सही (पगारातून आयकराशिवाय होणारी सामाजिक विम्याची कपात) वाढला असेल, ९६ च्या आसपास होता तो आता साधारण १४८. तोही पगारवाढीचाच भाग. म्हणजे भांडायचं आहे ते २०९.५० साठी, आणि तेही परत मिळणारे पैसे आहेत. लोक ज्याला ‘इमर्जन्सी टॅक्स’ म्हणतात तो काही वेगळा कर नसतो. तुमच्या नेहमीच्या कराचा तो आगाऊ आणि जास्तीचा हप्ता.

एक बारीक गोष्ट, कारण दर वर्षी कुणी ना कुणी यात फसतं: पेस्लिपवर नॅशनल इन्शुरन्सच्या पुढेही एक अक्षर असतं, बहुतेकांना ‘ए’. त्याचा टॅक्स कोडाशी संबंध नाही आणि चेकलिस्टवरच्या ‘ए’शी तर अजिबात नाही.

आता तुमच्या नवऱ्याच्या मित्राकडे वळू. ते तुम्हाला फसवत नाहीत. तीन महिने कर गेला नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच असणार. पण मी पैज लावून सांगते, ते उन्हाळ्याच्या शेवटी भारतातून आले असतील आणि ती त्यांची तिथली पहिलीच नोकरी असेल. चेकलिस्टवरचं ‘ए’ हे विधान अशांसाठीच आहे: ६ एप्रिलपासूनची ही माझी पहिलीच नोकरी. ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. त्यात मधेच येऊन तिथले रहिवासी झालेल्यालाही साधारणपणे वर्षाची पूर्ण १२,५७० ची मर्यादा मिळते. ‘ए’ला १२५७एल लागतो, शेपटीला एम१ न लावता. म्हणजे पेरोल ६ एप्रिलपासूनचा चालू हिशेब धरतं. समजा तेही ऑक्टोबरात रुजू झाले. तो करवर्षाचा सातवा महिना. सात महिन्यांची करमुक्त रक्कम ७,३३२ च्या वर जाते आणि मित्राच्या खात्यावर जमा झालेला पगार असतो एकाच महिन्याचा. मग कर कशावर लागणार? तुमच्या पगाराइतका पगार असेल तर नोव्हेंबर, डिसेंबरही कोरडे जातात आणि जानेवारीत थोडा कर सुरू होतो. त्यांना कुणी सूट दिली नव्हती. न वापरलेल्या महिन्यांचा हक्क त्यांनी वापरला.

तुमचे ते महिने वापरून झाले आहेत. एप्रिल ते सप्टेंबर जुन्या कंपनीनं दर महिन्याला तुमची करमुक्त रक्कम वजा करूनच कर कापला. आता ‘ए’ म्हटलंत तर नवी कंपनी तेच सहा महिने पुन्हा वजा करेल. वाण्याच्या वहीत एकच जमा दोनदा मांडल्यासारखं. पहिले तीन महिने मजेत जातील, मार्चअखेर नव्या नोकरीतून एकूण ९६६ पौंड कर गेलेला असेल, आणि जायला हवा होता २,२२३. तूट १,२५७ पौंडांची. हो, तोच आकडा! सहा महिने म्हणजे अर्धी मर्यादा आणि तिचा २० टक्के म्हणजे वर्षाच्या मर्यादेचा दहावा हिस्सा, म्हणून तो कोडासारखा दिसतो. योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला सोपा.

ही तूट लपत नाही. २०१३ पासून तिथल्या कंपन्या प्रत्येक पगार त्या दिवशी किंवा त्याआधी एचएमआरसीला ऑनलाइन कळवतात. जुन्या कंपनीचे सहा आणि नव्या कंपनीचे सहा महिने एकाच नॅशनल इन्शुरन्स नंबराखाली शेजारी शेजारी बसलेले असतात. वर्ष संपलं की पी८०० नावाचं हिशेबाचं पत्र येतं आणि एवढी रक्कम साधारणपणे पुढच्या एखाद्या वर्षाच्या कोडातून वसूल होते. तुमच्या बाबतीत कोडातला आकडा जवळजवळ निम्मा होईल आणि बारा महिने दरमहा १०५ पौंड जास्त जातील. त्यात भर म्हणजे चेकलिस्टच्या खाली सही करताना दिलेली माहिती खरी असल्याचं तुम्ही जाहीर करता. न कळून चुकणं वेगळं आणि फायदा कळल्यावर टिक करणं वेगळं. तुम्ही मला विचारलंत, म्हणजे तुम्हाला ते आधीच खटकलं आहे.

तुमच्यासाठी खरं उत्तर ‘बी’ आहे: सध्या ही एकच नोकरी, पण ६ एप्रिलनंतर दुसरी होती, ती संपली. (‘सी’ म्हणजे दुसरी नोकरी किंवा पेन्शन अजून चालू आहे. त्याला बीआर लागतो, सगळ्यावर सरसकट २० टक्के.) ‘बी’ला १२५७एल एम१ मिळतो. तुमच्या पगारावर तो बरोबर ३७०.५० कापतो, कारण जुन्या नोकरीत तुमचा एकही महिना वाया गेलेला नाही. मधे दोन महिने घरी बसलेल्या माणसाचं असं नसतं. त्या दोन महिन्यांची करमुक्त रक्कम एम१ डोळ्याआड करतो आणि महिन्याला २०९.५० याप्रमाणे चारशेवर पौंड तात्पुरते अडकून राहतात. अशांनी एम१ काढून घेण्याचा पाठपुरावा करायलाच हवा.

पण तुमची गाडी चेकलिस्टचं स्टेशन ओलांडून पुढे गेली आहे, आणि हे मित्रालाही ठाऊक नसावं. पहिला पगार एचएमआरसीला कळवून झाल्यावर चेकलिस्ट दिली, तर पेरोलनं नोंद दुरुस्त करायची, पण एचएमआरसीकडून नवा कोड येईपर्यंत पहिलाच कोड चालू ठेवायचा, असा नियम आहे. म्हणजे ‘ए’ काय किंवा ‘बी’ काय, आज फॉर्म दिल्यानं नोव्हेंबरची स्लिप आपोआप बदलेल असं नाही. तरी ‘बी’ करून देऊन टाका, रिकामा रकाना भरलेला बरा. कोड हलवायचे खरे रस्ते दोन: उशिरा का होईना हाती आलेला पी४५, नाही तर थेट एचएमआरसी.

पी४५ बद्दल तुमच्या पत्रात फार सोशिक सूर आहे. “ते म्हणाले, महिनाअखेरीस बघतो.” नोकरी सोडणाऱ्याला पी४५ देणं ही मेहरबानी नव्हे, कायद्यानं तो द्यावाच लागतो. शेवटचा पगार निघाला की तो निघायला हवा. हल्ली तो कागदावर कमी आणि पेरोलच्या पोर्टलवर जास्त असतो, आणि नेमकं नोकरी सोडली की कंपनीचा ईमेल बंद होऊन त्या पोर्टलचं लॉगिन जातं. त्यामुळे “पाठवा” असं मोघम लिहू नका. “माझ्या खासगी ईमेलवर पीडीएफ पाठवा” असं लिहा आणि तारीख मागा. आला की त्याचे भाग बघा: १ए तुमच्याकडे जपून ठेवायचा, २ आणि ३ नव्या कंपनीला द्यायचे. एचएमआरसीकडून पी४५ ची दुसरी प्रत मिळत नाही, म्हणून हा तगादा जुन्या कंपनीकडेच.

तोवर हातावर हात ठेवून बसू नका. एचएमआरसीचं ॲप किंवा पर्सनल टॅक्स अकाउंट उघडा. चालू वर्षाच्या आयकराच्या पानावर तुमच्या नोकऱ्यांची यादी दिसते. तिथे दोन गोष्टी तपासा. जुनी नोकरी संपलेली दिसते का? छोट्या कंपन्या माणसानं नोकरी सोडल्याची तारीख कळवायला विसरतात. मग एचएमआरसीला वाटतं तुम्ही दोन ठिकाणी काम करता. करमुक्त रक्कम जुन्या नोकरीकडे राहते आणि नव्या नोकरीला बीआर येतो. तुमच्या पगारावर बीआर आणि ०टी एम१ दोन्ही ५८० च कापतात, त्यामुळे कोड बदलला तरी तुम्हाला कळणारही नाही. जुनी नोकरी चालू दिसली तर ती संपल्याचं तिथेच कळवता येतं. दुसरं, नव्या नोकरीचा अंदाजे पगार. पूर्ण वर्षाचे ३४,८०० धरलेत की १ ऑक्टोबरपासूनचे १७,४००, हे बघा. अंदाज चुकला की पुढचा कोडही चुकतो. ॲपशी जमत नसेल तर फोन करा, पण सकाळी लवकर, आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर, पेस्लिप समोर ठेवून.

नवा कोड एम१ शिवाय आला की गंमत बघा. पेरोल मागे जाऊन पूर्ण वर्ष मोजतं. नोव्हेंबरच्या पगाराआधी आला तर त्या महिन्याचा कर फक्त १६१ पौंड दिसेल, म्हणजे ३७०.५० मधून ऑक्टोबरचे जास्तीचे २०९.५० वळते झालेले. नोव्हेंबरही हुकला आणि डिसेंबरात आला, तर डिसेंबरात कर कापला जाणं दूरच, ४८.५० पौंड परत येतील. अशा वेळी आनंदानं मित्राला फोन करून “माझाही झाला झिरो टॅक्स” असं सांगू नका, जानेवारीपासून पुन्हा ३७०.५० आहेच. आणि नवा कोड १२५७एल एम१ असाच आला, तर पुढचे महिने बरोबर, पण ऑक्टोबरचे पैसे वर्षअखेरीपर्यंत अडकलेले. ते बुडत नाहीत, वर्षाच्या हिशेबात परत मिळतात. तरी एकदा एचएमआरसीला विचारून एम१ काढून घ्या. दोनशे पौंड ही इतकी लहान रक्कम नाही की उन्हाळ्यापर्यंत सरकारकडे बिनव्याजी ठेवावी.

राहिला एचआरचा संकोच. ‘नवी आलेली आहे, लगेच पैशांचं विचारते’ असं त्यांना वाटेल, ही भीती मला ओळखीची आहे. आपल्याकडे पगाराबद्दल बोलणं म्हणजे काहीतरी मागणं, असं अंगात भिनलेलं असतं. पण पेरोलच्या माणसासाठी नव्या माणसाचा कोड ही रोजची बाब. उलट महिनोन्‌महिने गप्प राहून मार्चमध्ये हिशेब काढणाऱ्यामुळे त्याचं काम वाढतं. मॅनेजरला मधे घालू नका. पेरोलला एक छोटा मेल पुरे: माझा कोड ०टी एम१ आहे, कारण मी चेकलिस्ट वेळेत दिली नव्हती, ती आता जोडली आहे, पी४५ आला की पाठवते, आणि नोव्हेंबरच्या पेरोलसाठी तो किती तारखेपर्यंत हवा ते कळवा. ती तारीख महत्त्वाची आहे. पगार २८ ला होत असला तरी पेरोल बरंच आधी बंद होतं.

आणि आयएलआर. तुमच्या भीतीमागे काय आहे ते मी समजू शकते. २०१८ च्या सुमारास टियर १ व्हिसावरच्या कितीतरी उच्चशिक्षित लोकांचे, त्यात भारतीय खूप, कायम वास्तव्याचे अर्ज कराच्या कारणावरून फेटाळले गेले. आपल्या लोकांच्या गप्पांत ते प्रकरण अजून निघतं. पण तिथे मुद्दा टॅक्स कोडाचा नव्हता. गृहखात्याला सांगितलेलं उत्पन्न आणि एचएमआरसीला सांगितलेलं उत्पन्न जुळत नव्हतं, बहुतेक वेळा स्वतःच्या व्यवसायाच्या उत्पन्नात. त्यातही सगळेच खोटे नव्हते. २०१९ मध्ये कोर्ट ऑफ अपीलनं, अर्जदाराला आधी खुलाशाची संधी न देता त्याच्यावर बेइमानीचा ठपका ठेवणं अन्याय्य ठरवलं. तुमचा पगार कंपनीच कळवते, दोन्हीकडे एकच आकडा जातो आणि ०टी मुळे तर तुम्ही जास्तच कर भरला आहे. सहा महिन्यांची नोकरी लपवणारी टिक मात्र तुमच्या सहीनं दिलेली चुकीची माहिती ठरली असती. काळजी करायचीच असेल तर त्या टिकची करा, आलेल्या कोडाची नको.

गोंधळ कुठून येतो त्याबद्दल एक निरीक्षण. भारतात नोकरी बदलली की धोका उलट दिशेनं येतो. नव्या कंपनीला जुन्या पगाराची माहिती दिली नाही, तर दोन्ही कंपन्या आपापल्या परीनं करमुक्त मर्यादा आणि स्टँडर्ड डिडक्शन वजा करतात, दोघींकडून टीडीएस कमी कापला जातो आणि जुलैत दोन्ही कंपन्यांचे टीडीएसचे दाखले शेजारी ठेवल्यावर घाम फुटतो, वर व्याज. म्हणजे तिथे गप्प राहिलं की आधी बरं वाटतं आणि नंतर त्रास होतो, ब्रिटनमध्ये गप्प राहिलं की आधी त्रास आणि नंतर परतावा. नवऱ्याच्या मित्राचा सल्ला नकळत ब्रिटनमध्ये भारताचं चित्र उभं करतो. शिवाय भारतात शेवटी रिटर्न भरून सगळं सरळ करायची सवय असते. ब्रिटनमध्ये नुसत्या पगारावर जगणाऱ्या बहुतेकांना रिटर्न भरावंच लागत नाही, कोड हेच त्यांचं रिटर्न. म्हणून तो वाचायला शिकणं भाग आहे.

तुमच्यासारख्याच पेचात असलेल्या इतरांसाठी थोडं भराभर.

स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांच्या कोडाआधी एस आणि वेल्समधल्यांच्या कोडाआधी सी असतो. स्कॉटलंडचे टप्पे आणि दर वेगळे, तेव्हा वरचं गणित तिथे जसंच्या तसं लावू नका. पगार मोठा असेल तर ०टी एम१ आणखी बोचतो, कारण महिन्याला ३,१४१ पौंडांच्या वरचा भाग थेट ४० टक्क्यांत जातो. के नं सुरू होणारा कोड दिसला तर घाबरण्याआधी कंपनीची गाडी, खासगी आरोग्यविमा किंवा मागची थकबाकी आठवा. तुमच्या करमुक्त रकमेपेक्षा या गोष्टी मोठ्या झाल्या, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या कंपनीनं पी४५ दिल्यानंतर उरलेल्या सुट्टीचे पैसे वेगळे पाठवले, तर त्यांच्यावर ०टी एम१ नंच कर लागतो. ते बरोबर आहे, त्यासाठी भांडायला जाऊ नका, हिशेब पुढे जुळतो.

जोडीदार अजून नोकरी शोधत असेल आणि तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर मॅरेज अलाउन्स बघा. बिनपगारी जोडीदार आपल्या मर्यादेतले १,२६० पौंड तुमच्या नावावर करू शकतो, वर्षाला २५२ पौंडांपर्यंत वाचतात आणि कोड १३८३एम होतो. मागच्या चार वर्षांचंही मागता येतं. मुंबई-पुण्याहून गेलेल्या कितीतरी घरांत पहिली एक-दोन वर्षं एकाच पगारावर जातात आणि हे कुणी मागतच नाही. पुढे त्या जोडीदाराला नोकरी लागली आणि कोड ११३१एन आला की मग मात्र ‘माझा कोड कमी का’ म्हणून धावपळ होते.

परताव्याच्या नावानं येणाऱ्या मेसेजवर क्लिक करू नका. “तुमचे अमुक पौंड परत येणं आहेत, लिंक दाबा” असा मेसेज नेमका नोकरी बदललेल्या महिन्यात आला की खरा वाटतो. ॲपमध्ये स्वतः जाऊन बघा, तिथे दिसलं तरच खरं. आणि कमिशन घेऊन रिफंड मिळवून देणाऱ्या एजंटांचीही या कामाला गरज नाही. ॲपमधून किंवा एका फोननं जे होतं त्यासाठी त्यांना वाटा कशाला द्यायचा?

तुमच्याकडे परत येते. आज चेकलिस्ट आणि मेल, आजच ॲपवर जुनी नोकरी, आणि जुन्या कंपनीला तारखेसह तगादा. पी४५ हातात पडला की पुढे पाठवण्याआधी त्यावरचे दोन आकडे सप्टेंबरच्या पेस्लिपवरच्या वर्षाच्या एकूण रकमांशी ताडून बघा. एकूण पगार १३,५०० आणि एकूण कर १,४४३ च्या आसपास हवा, पेन्शन पगारातून करापूर्वी कापली जात असेल तर दोन्ही थोडे कमी. आकडे जुळले नाहीत तर आधी जुन्या कंपनीकडून दुरुस्ती मागा, कारण नवी कंपनी तेच आकडे धरून पुढचा सगळा हिशेब मांडणार आहे.